वर्सामेच्या पुढे

"परत," आई म्हणाली.

"जामा, एलमी, वर्सामे, रोबले, बुल्हान, सामातर, दुआले."

"तू पळतो. हळू."

"पळते," मी म्हणाले. "मी मुलगी आहे."

"पळते. परत."

झेलम एक्सप्रेसनं मनमाड सोडलं होतं आणि माझा घसा कोरडा पडला होता. समोरच्या बाकावर दौंडला चढलेल्या एक बाई भुईमुगाच्या शेंगा सोलत मघापासून आमच्याकडे बघत होत्या. उंच, काळी, डोक्यापासून पायापर्यंत झग्यात गुंडाळलेली एक बाई आणि तिची पंजाबी ड्रेसमधली पोरगी, दोघी मराठीत भांडताहेत, हे त्यांना पचत नव्हतं. शेवटी त्यांना राहवेना.

"काय पाठ करतेस गं? स्तोत्र आहे का?"

"नाही. माझे वडील, आजोबा, पणजोबा, मग त्यांचे वडील, मग त्यांचे..."

"अगंबाई!" त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. "आमच्याकडे श्राद्धाला भटजी तीन पिढ्या विचारतात, तर तिसऱ्या नावाला घरातले पुरुष एकमेकांची तोंडं बघत बसतात. तुला कशाला एवढी हवीत?"

"दिल्लीत परीक्षा आहे," मी म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

आम्ही सोमालियाचे. म्हणजे आई आणि आबो तिथले. मी कुठली, हाच त्या परीक्षेतला प्रश्न होता. आबो म्हणजे माझे वडील, जामा. ते तरुणपणी पुण्याला कॉलेजात शिकून गेले होते. मी जेमतेम चालायला लागले होते तेव्हा आमचं शहर पेटलं आणि पळायची वेळ आली, तर त्यांना जगाच्या पाठीवर ओळखीचं असं हे एकच गाव आठवलं. तसे आम्ही पुण्यातल्या वानवडीत आलो. पुढे आबो कामासाठी एका थंड देशात गेले, तिथे त्यांना राहायचे कागद मिळाले, आणि आता ते आम्हा दोघींना बोलावत होते. त्यासाठी दिल्लीतल्या एका ऑफिसात मुलाखत द्यायची होती. आई त्यांची बायको असल्याचे कागद होते. मी त्यांची मुलगी असल्याचा कागद घराबरोबर जळला होता. त्या धामधुमीत पोरकी झालेली मुलं पुष्कळ होती आणि दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून दाखवून नेणारेही काही होते, त्यामुळे बिनकागदाच्या मुलांकडे ते ऑफिस फार बारीक नजरेनं बघायचं. पटलं तर दोघी जायच्या. नाही पटलं तर माझं नाव फाइलमधून कमी. मग आईनं एकटीनं नवऱ्याकडे जायचं की माझ्यासाठी इथेच राहायचं, ते तिचं तिनं बघायचं.

आमच्या लोकांत आडनाव नसतं. आपल्या नावापुढे बापाचं नाव, त्यापुढे त्याच्या बापाचं, अशी ओळ मागे मागे जाते. 'तू कोण?' असं कुणी विचारलं की ती म्हणून दाखवायची. पोरं बोलायला लागली की घरातली मोठी माणसं ती घोटून घेतात. हे काम बापाकडच्या माणसांचं, आणि त्यांतलं एकही माणूस वानवडीत नव्हतं. म्हणून बारा वर्षांची घोडी झाल्यावर मी माझे बाप-आजे पाठ करत होते.

पण खरी अडचण वेगळीच होती. फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असं विचारलं होतं आणि आबोंनी तिकडून 'सोमाली' असं ठासून लिहून पाठवलं होतं. मला सोमाली येत नव्हती.

अगदीच येत नव्हती असंही नाही. 'हूयो' येत होतं. हूयो म्हणजे आई. गंमत अशी की सोमाली आई लेकरालाही लाडानं हूयोच म्हणते, त्यामुळे घरात आम्ही दोघी एकमेकींना हूयो म्हणायचो आणि खालच्या मजल्यावरच्या खिलारेमावशी कपाळाला हात लावायच्या. दुसरा शब्द 'हा', म्हणजे हो. आबोंचा फोन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर यायचा. ते एवढ्या लांबून काहीतरी मायेनं विचारायचे आणि मी बूथच्या काचेवर बोटानं रेघोट्या ओढत म्हणायचे, "हा, आबो. हा." फोन ठेवताना ते नेहमी खूश असायचे.

मला वाढवलं ते खिलारेमावशींच्या पोळी-भाजी केंद्रानं. आई सकाळपासून तिथे पोळ्या लाटायची आणि मी पिठाच्या डब्याला टेकून अभ्यास करायचे. मराठी शाळाही मावशींनीच बघून दिली, कारण ती रस्त्याच्या पलीकडे होती आणि तिथल्या मुख्याध्यापिकाबाई त्यांच्याकडून डबा न्यायच्या. शाळेत माझ्या 'इदिल'ची इडली झाली. जामा हे बापाचं नाव ऐकून एका पोरानं पायजमा म्हटलं, तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवून मी तो विषय कायमचा संपवला. आई मराठी शिकली ती पोळपाटावर. तिच्या मराठीत कणीक होती, तेल होतं, 'पोळी करपला' होतं, 'आटप लवकर' होतं. खाण्याची एकूण एक वस्तू होती, मनातली एकही नव्हती. माझ्याशी ती तेवढ्याच मराठीत बोलायची. लाटताना मात्र स्वतःशी काहीतरी पुटपुटायची, लाटण्याच्या ठेक्यावर, रोज तेच. मावशी म्हणायच्या, "तुझ्या आईचे अभंग सुरू झाले. आता बघ पोळ्या कशा फुगतात."

ती माझ्याशी सोमाली का बोलत नाही, हे मी कधी विचारलं नाही. जे पहिल्यापासून असतं त्याबद्दल कुणी विचारत नाही.

निघताना मावशींनी दोघींच्या हातावर दही घातलं. "दहबो, तिकडं जे खरं ते सांगायचं. खऱ्याला मरण नाही."

"हो, मावशी," आई म्हणाली, आणि रिक्षात बसल्याबरोबर माझ्याकडे वळली. "सोमाली येत नाय, सांगायचा नाय."

"आणि त्यांनी सोमालीतच विचारलं तर?"

"तू हा म्हण. मग नावं म्हण."

"आणि त्यांना कळलं तर?"

गाडीत बसल्यापासून तिनं एकच शब्द धरला होता: परत. नावं माझ्या डोक्यात राहीनात, तेव्हा मी त्यांना पाढ्याची चाल लावली. बे एके बे, बे दुणे चार. जामा, एलमी, वर्सामे, रोबले. भोपाळ येईपर्यंत शेंगावाल्या बाईंनासुद्धा सामातरपर्यंत येत होतं.

दिल्लीत थंडी होती. ऑफिसात आधी आईला बोलावलं. मी बाहेर बाकावर पाय हलवत बसले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता, पण आम्हाला बोलू दिलं नाही. एका शिपायानं माझं नाव पुकारलं. आईनं जाता जाता माझी ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "हळू."

आत टेबलामागे एक गोरी बाई होती. केस आखूड, आवाज मऊ, हातात पेन. तिच्या शेजारी दुभाष्या बसला होता. दिरिये त्याचं नाव. सोमालीच होता, मेंदीनं लाल केलेली दाढी, बरीच वर्षं दिल्लीत काढलेला. त्यानं माझ्याकडे बघून हसत काहीतरी विचारलं.

"हा," मी म्हणाले.

त्यानं आणखी काही विचारलं, जरा लांबलचक.

"हा."

बाई लिहीत होती. सगळं बरं चाललं होतं. मग दिरियेनं हसणं थांबवलं, मान तिरकी केली आणि अगदी छोटा प्रश्न विचारला. मी तेवढ्याच ठामपणे हा म्हणाले. तो बाईकडे वळून इंग्रजीत बोलला. माझं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं, पण एवढं कळलं.

"मी तिला विचारलं, तू उंट आहेस का? ती हो म्हणाली."

बाईचं पेन थांबलं. मला कान तापल्यासारखे वाटले. वर्गात शिक्षा झाली की व्हायचं तसंच, पण वर्गात निदान घंटा होते.

"हिंदी आती है?" दिरियेनं विचारलं.

"हो. हाँ."

"घर में अम्मी से कौन सी ज़बान में बात करती हो?"

मी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. "मराठी."

"और अम्मी तुमसे?"

"मराठी."

त्यानं ते बाईला सांगितलं. तिनं फाइल उघडली आणि आबोंनी लिहिलेल्या शब्दावर बोट ठेवलं. मग तिनं काहीतरी विचारलं आणि त्यानं ते हिंदीत केलं, "तुम्हारी अम्मी को मराठी अच्छी आती है?"

"रोटी बनाने जितनी आती है."

तो हसला नाही. "तो फिर माँ-बेटी में बाकी बातें कैसे होती हैं?"

याचं उत्तर मला कुणी पाठ करून दिलं नव्हतं. बाई माझ्या तोंडाकडे, मग आईच्या फोटोकडे, मग पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आबोंवर गेलेय, सगळे म्हणतात. पण त्या खोलीत आबोंना पाहिलेलं कुणी नव्हतं.

"अच्छा," दिरिये म्हणाला. "बाप-दादा गिनाओ."

मी सुटकेचा श्वास टाकला. ताठ बसले, हात मांडीवर ठेवले आणि सुरू केलं.

"जामा, एलमी, वर्सामे..."

वर्सामेनंतर सगळं एकदम सोपं झालं. सायकल उताराला लागावी तशी जीभ आपोआप चालायला लागली. चाल कधी सुटली ते कळलंच नाही. शेवटच्या नावावर आले तेव्हा आईला माझा अभिमान वाटेल असं हळू, स्वच्छ म्हणून झालं होतं.

दिरिये मात्र फाइलमधल्या कागदावरून बोट खाली नेत नेत थांबला होता. "फिर से."

मी फिर से म्हटलं.

"वर्सामे के आगे कौन?"

"इगाल."

"सोच के बताओ."

मी विचार केला. रोबले त्या वेळी मला आठवलाच नाही. ज्याला मनमाडपासून दिल्लीपर्यंत घोकलं तो माणूस डोक्यातून साफ पुसला गेला होता आणि त्याच्या जागी इगाल असा घट्ट बसला होता, जसा काही जन्मापासून तिथेच होता.

"इगाल," मी म्हणाले. "इगाल, लीबान, कारशे, मादोबे."

दिरियेनं खुर्ची बाईकडे वळवली. तो हळू बोलत होता, म्हणून मला अर्धंमुर्धं कळलं, पण कळायचं तेच कळलं. त्या माणसाचे बाप-आजे हे नव्हेत. पहिली दोन-तीन नावं शिकवलेली असावीत. त्यापुढे ही मुलगी दुसऱ्याच कुठल्यातरी घराची ओळ म्हणते आहे. बाईनं पेनाला टोपण लावलं. त्याचा टक् असा आवाज झाला.

"बेटी," दिरिये म्हणाला. आता त्याचा आवाज पहिल्यापेक्षा प्रेमळ होता आणि तेच वाईट होतं. "कोई तुम्हें डाँट नहीं रहा. सच बताओ. तुम्हारी असली माँ का नाम क्या है?"

रडू यायच्या आधी मला नेहमी राग येतो. तेव्हाही आला. हिंदी, इंग्रजी सगळं विसरून मी मराठीतच ओरडले, "बाहेर बसलीय ती कोण मग? तुमची खरी आई कोण ते सांगा आधी!"

बाईनं दचकून दुभाष्याकडे बघितलं. दुभाष्याला मराठी येत नव्हती. त्या खोलीत पहिल्यांदाच तोही माझ्यासारखाच बसला होता. पण आवाज भिंतीपलीकडे गेला असावा, कारण बाहेर बाक सरकल्याचं ऐकू आलं आणि बाईनं आईला आत घ्यायला सांगितलं.

आईनं आत येऊन एकदाच माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता ही खाली बसेल. मी उठायला गेले, तर दिरियेनं हात वर केला: गप्प राहा. आईला खुर्ची दिली. मग त्यानं सोमालीत एक छोटासा प्रश्न विचारला. नंतर कळलं, त्यानं एवढंच विचारलं होतं, बाई, तू कुणाची?

आईला तो प्रश्न अपेक्षित नसावा. तिनं एकदा बाईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घालून म्हणायला लागली.

"दहबो, गूलेद, हिर्सी, वर्सामे..."

तिचे हात मांडीवर होते. ते हलायला लागले. पुढे, मागे, पुढे, मागे, मनगटातून थोडे गोल.

"...इगाल, लीबान, कारशे, मादोबे."

पोळ्यांचे अभंग! मी खुर्चीची कड घट्ट धरली. मावशींच्या केंद्रातला कणकेचा वास मला त्या दिल्लीच्या खोलीत आला. रोज सकाळ-संध्याकाळ, पिठाच्या डब्याला टेकून, मी हीच नावं ऐकत मोठी झाले होते. ती नावं आहेत हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

दिरियेनं तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग पेन ठेवलं आणि बाईला समजावून सांगू लागला. सावकाश, शब्द मोजून, म्हणून मलाही कळत गेलं. आमच्यात लग्न झालं तरी बाई नवऱ्याची ओळ घेत नाही, तिच्या बापाचीच ओळ मरेपर्यंत तिच्याजवळ राहते. ही नावं या बाईच्या बापाची. वर्सामे दोन्ही घरांत आहे, नाव नेहमीचंच आहे. मुलगी बापाच्या वाटेनं निघाली आणि वर्सामेपाशी आईच्या वाटेला लागली.

"तर?" बाई म्हणाली.

"तर मॅडम, कुणी परक्या मुलीला शिकवून इथे पाठवलं असतं, तर बापाची ओळ शिकवली असती. ती तुम्ही विचारणार, हे सगळ्यांना माहीत असतं. आईची ओळ कुणी शिकवत नाही. ती कुणी विचारतच नाही."

बाईनं आईकडे बघितलं. "तिला विचारा, मुलीला ही नावं का शिकवली?"

त्यानं विचारलं. आईनं मान हलवली आणि दोन शब्द बोलली.

"शिकवली नाहीत म्हणते."

"मग तिला येतात कशी?"

आणि आई बोलायला लागली.

मी माझ्या आईला तोवर बोलताना पाहिलंच नव्हतं. चार शब्दांच्या वर तिचं वाक्य गेलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि त्या चारांत एक चुकीचा असायचा. इथे ती थांबतच नव्हती. आवाज खाली जायचा, वर यायचा, मध्येच ती एका जागी थांबायची आणि पुढचं वाक्य असं टाकायची की दिरिये खुर्चीत सरसावून बसायचा. एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द एकामागून एक यायचे, गाणं नव्हे, पण गाण्याच्या फार लांबचंही नव्हे. तिचा हात माझ्याकडे व्हायचा, छातीकडे जायचा, हवेत काहीतरी लहानसं तोलून धरायचा. मध्येच ओळखीचा एखादा शब्द यायचा आणि मी त्यावर झडप घालायचे. 'वानवडी.' 'टीचर.' 'मराठी.' 'इदिल.' पुन्हा 'मराठी.' मग बराच वेळ ओळखीचं काहीच नाही. एकदा ती हसली. एकदा तिनं डोळ्यांवरून पदरासारखी शाल फिरवली. दिरियेनं केव्हाच लिहिणं सोडलं होतं. त्यानं चष्मा काढला होता.

ती थांबली.

"काय म्हणते?" बाईनं विचारलं.

दिरियेनं घसा खाकरला. "म्हणते, मुलगी शाळेत गेली आणि मुकी झाली. वर्षभर तोंड उघडेना. टीचरनं बोलावून सांगितलं, घरी मराठी बोला, नाहीतर ही मागे पडेल. म्हणून हिनं घरी आपली भाषा बंद केली. स्वतःला मराठी येत नव्हती, तरी. नवरा आधीच परदेशी गेला होता, आता त्या गावात हिच्याशी हिच्या भाषेत बोलणारं कुणी उरलं नाही. म्हणून काम करताना ही बापाची नावं म्हणायची. आपलं तोंड आपल्या भाषेला विसरू नये एवढ्यासाठी. मुलगी ऐकते आहे, हे हिला आज कळलं."

बाईनं टोपण काढून लिहायला सुरुवात केली. मग थांबली. "एवढंच? ती बराच वेळ बोलत होती."

दिरिये चष्मा पुसत राहिला. "बाकीचं फाइलच्या कामाचं नाही, मॅडम."

खोलीत आम्ही चार माणसं होतो. माझी आई माझ्याविषयी जे बोलली ते ज्यांना कळलं नाही अशी दोन: ती गोरी बाई आणि मी. बाईजवळ निदान दुभाष्या होता.

बाहेर पडताना मी दिरियेला गाठलं. "अम्मी और क्या बोली?"

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अपनी माँ से पूछो, बेटी. मेरे मुँह से वो बात छोटी हो जाएगी."

रस्त्यावर ऊन पडलं होतं. पलीकडे एका गाडीवर रताळी भाजत होते, आईनं एक मोठं घेतलं, आणि आम्ही बागेच्या कठड्यावर बसलो. तिनं पहिल्यांदा माझ्या डोक्यात हलकेच टप्पल मारली.

"वर्सामे, रोबले! रोबले! माझा बाप कशाला सांगितला?"

"तूच रोज म्हणतेस."

"तू ऐकतो?"

"ऐकते."

"ऐकते," ती म्हणाली, आणि रताळ्याची साल सोलायला लागली.

ते काम झालं. कागद आले, आम्ही गेलो. आज मी राहते त्या गावात नोव्हेंबरात दुपारीच दिवे लावावे लागतात. बसमध्ये आम्ही दोघी मोठ्यानं मराठीत बोलतो, कुणाच्याही टोपीला नावं ठेवतो, आणि समोर आबो बसलेले असले तर ते गोरेमोरे होतात, कारण त्यांना कॉलेजातलं मराठी अजून कळतं. मी सोमाली शिकले, मोठेपणी, क्लास लावून. आबोंचे विनोद मला आता कळतात, सगळ्यांच्या मागून. तिच्या भाषेत मी आईला त्या दिवसाबद्दल कितीदा विचारलं असेल. आठवत नाही म्हणते. खरंच आठवत नसेल. असं बोलणं माणूस एकदाच बोलतो.

पण त्या दिवशी, दिल्लीच्या त्या कठड्यावर, तिला सगळं आठवत होतं. आणि मी तिला मराठीत विचारलं, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

"हूयो, आत तू काय म्हणालीस?"

"काय नाय."

"एवढा वेळ बोलत होतीस."

तिनं रताळं मोडलं, मोठा तुकडा माझ्यासाठी वेगळा केला आणि त्यावर फुंकर घालत राहिली. ती शब्द शोधत होती. मला दिसत होतं, ती एकेक डबा उघडून बघत होती: कणीक, तेल, मीठ, आटप, करपला. सगळे डबे बघून झाले. तिनं तुकडा माझ्या हातात दिला.

"म्हटलं, पोरगी माझी."

"बस? एवढंच?"

"एवढाच."

"मग एवढा वेळ कशाला लागला?"

तिनं माझ्या हनुवटीला लागलेलं रताळं अंगठ्यानं पुसलं.

"आमच्या भाषेत," ती म्हणाली, "वेळ लागतो."